दारातली तार आणि घरातला टीव्ही

टीव्ही बिघडला म्हणजे आपण पहिला दोष टीव्हीला देतो, दुसरा मुलांना देतो, आणि विजेची आठवण तिसरी होते. तीही बहुधा दुरुस्तीचे पैसे मोजून झाल्यावर. वास्तविक आपल्या हुपरीसारख्या गावात टीव्हीचा इतिहास सांगावयाचा तर तो पेटीपासून सुरू करून चालत नाही. तो दारातल्या खांबापासून, किंबहुना त्याही मागे धरणाच्या भिंतीपासून सुरू करावा लागतो. मंडळाच्या स्मरणिकेत हा विषय पाहून काही भगिनींना नवल वाटेल. परंतु दुपारच्या वेळी व्होल्टेज कमी झाले की जास्त झाले हे घरात सर्वांच्या आधी कोणाला कळत असे, हे आपण सर्वजणी जाणतोच.

मुंबईत बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रॅमवेज कंपनीने १९०५ साली वीज पुरविण्याचे काम हाती घेतले, आणि १९१५ साली टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. घाटमाथ्याचे पाणी खाली सोडून मुंबईच्या गिरण्या फिरू लागल्या. आपल्याकडची गोष्ट निराळी. राजर्षी शाहू महाराजांनी राधानगरीचे धरण हाती घेतले ते विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. ते पुरे व्हावयास मात्र स्वातंत्र्याची वाट पाहावी लागली. त्या धरणाच्या पायथ्याशी जे वीजघर उभे राहिले त्याची शक्ती ४.८ मेगावॅट होती. आज हा आकडा लहान वाटतो. शंभर वॅटचा एक जुना रंगीत टीव्ही धरला, तर त्या साऱ्या वीजघरावर अठ्ठेचाळीस हजार टीव्ही चालले असते आणि एकही पंप, एकही गिरणी, एकही दिवा चालला नसता.

पुढे कोयनेने चित्र पालटले. १९६२ साली कोयनेचे पहिले जनित्र फिरू लागले. त्याच्या दोन वर्षे आधी, २० जून १९६० रोजी, महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले होते, आणि आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी ‘बोर्ड’ हा शब्द बसला तो तेव्हापासून. २००५ साली मंडळाच्या कंपन्या झाल्या, महावितरण हे नाव आले, तरी आजही लाईट गेली की आपण बोर्डालाच फोन करतो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला तेव्हा वीजपुरवठा खंडित होऊन मुंबईसुद्धा अंधारात गेली. एका ठिकाणच्या धक्क्याने शेकडो मैलांवरचे दिवे विझतात, हा धडा महाराष्ट्राला त्या दिवशी मिळाला.

आता गावातल्या तारांकडे येऊ. खेडोपाडी ज्या तारा ओढल्या गेल्या त्या प्रामुख्याने दिव्यांच्या हिशेबाने. घरात चाळीस वॅटचे दोन-तीन बल्ब, फार झाले तर एक रेडिओ. मग विहिरीवर आणि नदीकाठी उसासाठी पंप बसले, इचलकरंजीच्या पंचक्रोशीत यंत्रमाग वाढले, आणि आपल्याकडे चांदीचा पट्टा व तार काढण्याची यंत्रे विजेवर चालू लागली. तारा मात्र कित्येक ठिकाणी त्याच राहिल्या. सार्वजनिक नळाला गल्लीच्या तोंडाशी धार मोठी आणि शेवटच्या घरी नुसता थेंब, हे आपण पाहतो. विजेचेही तसेच. डीपीजवळच्या घरी दिवा लख्ख, आणि गल्लीच्या टोकाला संध्याकाळी सात वाजता बल्बची तार नुसती तांबडी दिसावी. १९५६ च्या विद्युत नियमांनी घरगुती पुरवठ्यात सहा टक्क्यांहून अधिक चढउतार होऊ नये असे घालून दिले होते. म्हणजे २३० व्होल्टच्या जागी २१६ ते २४४ च्या दरम्यान काय ते. नियम पुस्तकात होता, आणि बल्ब तांबडा होता.

अशा तारांवर टीव्ही आला.

दिल्लीला १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक दूरचित्रवाणी सुरू झाली होती. मुंबईला ती यावयास २ ऑक्टोबर १९७२ उजाडला. आपल्या बाजूला टीव्हीचे खरे दिवस आले ते १९८० नंतरच्या दशकात. १९८२ साली दिल्लीला आशियाई खेळ झाले, त्याच वर्षी रंगीत प्रक्षेपण सुरू झाले. १९८३ साली इन्सॅट १ बी हा उपग्रह आकाशात गेला आणि त्यानंतर देशभर लहान शक्तीची प्रक्षेपण केंद्रे झपाट्याने उभी राहिली. कोल्हापूरलाही त्या दशकात केंद्र झाले. अशा केंद्राची शक्ती शंभर वॅट, आणि पल्ला साधारण पंधरा-वीस किलोमीटरचा. म्हणजे हुपरी त्या पल्ल्याच्या अगदी काठावर. म्हणून छपरावर उंच नळी उभी करून तिच्यावर अँटेना बांधावा लागे, आणि कोणीतरी वर चढून तो फिरवी, कोणीतरी खालून ओरडे, “आलं, आलं... गेलं की रं!”

क्राऊन, वेस्टन, डायनोरा, ईसी ही तेव्हाची नावे. पुढे ७ जुलै १९८४ ला ‘हम लोग’ सुरू झाले, आणि २५ जानेवारी १९८७ पासून दर रविवारी सकाळी ‘रामायण’. ज्यांच्या घरी टीव्ही त्यांच्या सोप्यात सारी गल्ली. अशा वेळी चित्र आक्रसू लागले की घरच्या गृहिणीची अवस्था लग्नात भात कमी पडल्यासारखी होई.

ते चित्र का आक्रसत असे, हे येथे जरा सविस्तर सांगावेसे वाटते, कारण या गोष्टीतच आपल्या विषयाचे मर्म आहे. जुन्या टीव्हीत काचेची मोठी नळी असे. तिच्या मागील टोकाकडून विद्युतकणांचा झोत निघून पडद्याच्या आतल्या लेपावर आदळे, आणि तो झोत डावीकडून उजवीकडे व वरून खाली इतक्या वेगाने फिरविला जाई की सेकंदात पन्नास वेळा पडदा भरून निघे. झोत ओढून घेण्यासाठी नळीला हजारो व्होल्टचा दाब लागे. कृष्णधवल संचात बारा-पंधरा हजार, रंगीत संचात पंचवीस हजारांच्या आसपास. हा सारा डोलारा दारातल्या त्या २३० व्होल्टवर उभा. दारातला दाब १८० च्या खाली गेला की आतील यंत्रणेला तो सावरता येत नसे. मग झोत पुरता फिरत नसे, चारी बाजूंनी काळी किनार येई, कडा लाटांसारख्या हलू लागत, आणि रामराया कमरेत आवळल्यासारखे दिसत.

याखेरीज आणखी एक खूण होती. कधी कधी पडद्यावर एक आडवा काळसर पट्टा हळूहळू सरकत जाई. दुरुस्ती करणारा म्हणे, आतला फिल्टर कंडेन्सर गेला. ते खरेच; परंतु तो पट्टा सरके का? प्रक्षेपण केंद्रातून चित्र सेकंदाला बरोबर पन्नास वेळा येई, आणि विजेच्या तारेतील प्रवाहही सेकंदाला पन्नास आवर्तने करीत असे. निदान करावीत अशी अपेक्षा असे. दोन्ही तंतोतंत जुळली तर पट्टा एका जागी उभा राहील. वीज एकोणपन्नासवर आली तर पट्टा दर सेकंदाला एक फेरी मारील. राज्यात विजेची मागणी वाढून पुरवठा अपुरा पडू लागला की साऱ्या जाळ्याची आवर्तने मंदावत, आणि १९९० च्या दशकात ती वारंवार मंदावत. म्हणजे हुपरीच्या सोप्यात बसलेल्या बाईला कोयनेची आणि कोराडीची जनित्रे किती दमली आहेत, हे पडद्यावरील पट्ट्याच्या चालीवरून समजू शकले असते. कोणी सांगितले नाही एवढेच. १ जुलै २००२ पासून पश्चिम विभागात आवर्तने बिघडविणाऱ्याला भुर्दंड बसेल अशी वीजदराची पद्धत आली, आणि ही चाल पुष्कळ सुधारली.

मग घराघरांत बूस्टर आला, आणि त्याच्यामागून स्टॅबिलायझर. पहिल्या बूस्टरवर एक काटा आणि एक फिरकी असे. काटा खाली गेला की फिरकी पुढे करावयाची. परंतु गल्लीतला पंप बंद झाला, यंत्रमागाची पाळी सुटली, की दाब एकदम चढे, आणि फिरकी मागे घ्यावयास हात मोकळा नसेल तर टीव्हीची वाट लागे. स्टॅबिलायझरने ती फिरकी आपोआप फिरविण्याचे काम केले. म्हणून त्याचा तो टक टक आवाज. पोळ्या करता करता कान त्या आवाजाकडे ठेवणे हा तेव्हाच्या बायकांचा एक उपजत उद्योग होऊन बसला होता. टक टक फार झाली की टीव्ही बंद, मग मालिकेत काय वाट्टेल ते चाललेले असो.

आपल्या गावाचा विशेष असा की येथे कारखाना आणि घर यांच्यामध्ये पुष्कळदा भिंतसुद्धा नसते. पुढच्या खोलीत आटणी, मधल्या खोलीत कड्या जोडणे, घुंगरू बसविणे, आणि मागे चूल. बायकांचे हात टीव्हीसमोर बसूनही पैंजणावर चालत असतात. त्यामुळे येथल्या टीव्हीला दोन तऱ्हेचे त्रास होत, आणि ते दोन वेगळे ओळखता येणे महत्त्वाचे होते. पट्टा काढण्याच्या यंत्राची मोठी मोटार सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. तेवढ्या क्षणी चित्र आत ओढले जाऊन पुन्हा सरळ होई. हा तारेचा दोष. दुसरा त्रास कार्बन ब्रशच्या लहान मोटारीचा. मिक्सर, शिलाई यंत्राची मोटार, हातात धरावयाची ड्रिल. त्यांच्यातून ठिणग्या उडतात, आणि प्रत्येक ठिणगी ही एक लहानशी रेडिओलहर असते. ती अँटेनात शिरली की पडद्यावर तिळासारखे ठिपके नाचत. चित्र एका पद्धतीने येई आणि आवाज दुसऱ्या. ठिणगीचा उपद्रव चित्राला अधिक होई. म्हणून खूण अशी की चित्रात तीळ पण आवाज स्वच्छ, तर दोष हवेतून आला. चित्र आवळलेले आणि दिवाही मंद, तर दोष तारेतून आला. पहिल्याला स्टॅबिलायझरचा काडीइतका उपयोग नाही. तरी तो घेतला जाई, हा भाग निराळा.

आता ज्या दोषासाठी हा लेख लिहावयास घेतला त्याकडे वळते. डीपीवरून गल्लीत मुख्यतः चार तारा येतात. तीन फेजच्या आणि एक न्यूट्रलची. प्रत्येक साध्या घराला एक फेज आणि न्यूट्रल मिळते, आणि या दोहोंत २३० व्होल्टचा दाब असतो. दोन फेजच्या तारांमध्ये मात्र तो ४०० असतो. जोवर न्यूट्रल शाबूत आहे तोवर शेजारच्या घराच्या फेजशी आपला संबंध येत नाही. कावडीचे उदाहरण घ्या. दोन्ही घागरी सारख्या नसल्या तरी खांदा मध्ये असेतो कावड तोल धरते. खांदा काढून घेतला, तर जड घागर खाली जाते आणि हलकी वर उडते. न्यूट्रलची तार म्हणजे हा खांदा. पावसाळ्यात, वाऱ्याने, किंवा खांबावरचा सांधा गंजून ती तुटली, की ज्या फेजवर यंत्रे चालू आहेत तेथला दाब खाली बसतो, आणि ज्या फेजवर एखादा टीव्ही आणि दोन दिवेच आहेत तेथला दाब ३००, ३५०, प्रसंगी ४०० च्या जवळ जातो. एका घरात दिवे मंद, आणि समोरच्या घरात दिवे भगभगून बल्ब फुटतात, टीव्हीतून धूर निघतो. एकाच वेळी गल्लीत चार-पाच टीव्ही जळाले असे आपण ऐकतो, तेव्हा बहुतेक वेळा वीज पडलेली नसते, खांदा निसटलेला असतो.

यात निव्वळ पैशाचा प्रश्न नाही. तुटलेल्या न्यूट्रलच्या घरात जर कोणी नळाच्या पाइपाला किंवा न्यूट्रललाच अर्थिंग जोडून ठेवले असेल, तर फ्रीजच्या पत्र्यावर, मोटारीच्या अंगावर वीज उतरते. ओल्या फरशीवर अनवाणी उभी असणारी कोण, हे सांगावयास नको.

१९९१-९२ नंतर केबल आली, २ ऑक्टोबर १९९२ ला झी वाहिनी सुरू झाली, आणि छपरावरचे अँटेने हळूहळू वाळत घातलेल्या साड्यांचे आधार झाले. केबलबरोबर एक नवीन गंमत आली. तारेतील संदेश क्षीण होऊ नये म्हणून वाटेत लहान यंत्रे बसविलेली असत, आणि त्यांना वीज वाटेतल्याच कोणा घरातून घेतलेली असे. आपल्याकडे लाईट आहे, टीव्ही ठीक आहे, पण वरच्या गल्लीतली लाईट गेली म्हणून आपल्याला मालिका नाही! या केबलच्या टोकाला हात लागला की मुंग्या येत. अनेक घरांच्या पेट्या एका तारेने बांधल्या गेल्या आणि अर्थिंग मोजक्याच घरी असले, की प्रत्येक घरातली थोडी थोडी गळती त्या तारेत साचते. मुंग्यांना हसण्यावारी नेऊ नये.

भारनियमनाचे दिवस तर ताजेच आहेत. २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्राने दिवसाचे कितीतरी तास विजेवाचून काढले. आटणी थांबे, पॉलिश थांबे, आणि लाईट येण्याच्या वेळेवर स्वयंपाकाची वेळ ठरे. टीव्हीच्या दृष्टीने वीज जाणे धोक्याचे नव्हते, येणे धोक्याचे होते. वीज परत येताना साऱ्या गावाच्या मोटारी, फ्रीज, पंखे एकदम सुरू होतात. दाब आधी कोसळतो, मग उसळतो. बटण चालू ठेवून वाट पाहणाऱ्या संचाला हे दोन्ही तडाखे बसतात. वीज जाताच बटण बंद करावे आणि आल्यावर चार-पाच मिनिटे थांबावे, हा शहाणपणा आपल्या गल्ल्यांनी पुस्तकावाचून मिळविला. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेचे जाळे उरलेल्या देशाशी जोडले गेले. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आपल्या जिल्ह्यातील उपकेंद्रे पाण्याखाली गेली तेव्हा मात्र जाळे कितीही मोठे असले तरी शेवटचा खांब आपलाच असतो, हे पुन्हा दिसले.

आणि आता नवे संच. काचेची नळी गेली, चपटा पडदा आला. त्याच्या आतली वीजपुरवठ्याची घडण अशी की नव्वद-शंभर व्होल्टपासून २६०-२७० पर्यंत काहीही दिले तरी चित्र तसेच्या तसे. चांगलेच झाले, स्टॅबिलायझरची टकटक बंद झाली. पण माझ्या मते यात एक नुकसानही झाले, आणि ते कोणी मोजीत नाही. जुना टीव्ही दुखले की कण्हत असे. चित्र आवळे, पट्टा सरके, कडा हलत. बल्ब तांबडा होई. आजचा टीव्ही कण्हत नाही, एलईडीचा दिवाही मंद होत नाही. दाब १६० वर असला तरी घरात सारे आलबेल दिसते. त्या वेळी सोसत असतात फ्रीज, पाण्याची मोटार आणि मिक्सर, आणि ते बोलत नाहीत, जळतात. न्यूट्रल तुटल्यावर नवा टीव्हीसुद्धा पूर्वसूचना न देता एका क्षणात जातो. पूर्वी गल्लीच्या विजेची नाडी सोप्यातल्या पडद्यावर दिसे. आता ती पाहावयाची सोयच उरली नाही.

म्हणून मीटरजवळच्या बोर्डवर व्होल्टचा आकडा दाखविणारे लहान मीटर बसवून घ्यावे. ते फार महाग नसते. त्याच्याबरोबर दाब फार चढला वा उतरला की घराची वीज तोडणारे साधनही मिळते. ज्या घरात आटणी-पॉलिशची यंत्रे आहेत तेथे तर ते हवेच. पंखा एकाएकी जोराने फिरू लागला, एका खोलीत दिवा प्रखर आणि समोरच्या घरात मंद दिसला, तर टीव्हीचे बटण शोधीत बसू नये. कोरड्या हाताने मुख्य स्विच खाली करावा आणि शेजारच्या वहिनींना हाक मारून त्यांनाही करावयास सांगावे. जुना नळीचा संच कोणाच्या माळ्यावर असेल, तर पिन काढली तरी त्याचे पाठीमागचे झाकण उघडू नये. ती नळी हजारो व्होल्ट पोटात धरून बसते.

राहिला तक्रारीचा प्रश्न. वायरमनला गाठून “दादा, जरा बघा की” म्हणणे ही आपली जुनी रीत, आणि ती पुष्कळदा फळतेही. परंतु तिची नोंद कोठे राहत नाही. १९१२ या क्रमांकावर फोन करून नोंद क्रमांक घ्यावा. २००३ च्या विद्युत कायद्याने ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल अशी व्यवस्था केलेली आहे. तेथे “आमचा टीव्ही जळाला” एवढे सांगून भागत नाही. कोणत्या तारखेला, किती वाजता, किती घरी, मीटरवर आकडा किती होता, हे लिहून दिले म्हणजे बोलणे निराळे होते. गल्लीतल्या पाच घरांनी मिळून एक वही ठेवली आणि आठ दिवस सकाळी सात, दुपारी दोन व संध्याकाळी साडेसात वाजता आकडा टिपला, तर डीपीवर भार जास्त आहे की सांधा ढिला आहे, हे त्या वहीवरूनच कळू लागते. अर्जाला वहीची प्रत जोडावी, आणि पाचही घरांचे बिलावरील ग्राहक क्रमांक घालावेत.